अर्धा लिटर पाणी

मोहावीच्या वाळवंटात पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालताना हे एक मराठी काका मला पुन्हा पुन्हा भेटायचे. नोव्हाय नावाच्या तिकडच्याच एका गावात नोकरी करून रिटायर झालेले, देवबिव न मानणारे, आणि कुठलंही बोलणं 'असो' म्हणून मिटवणारे.

त्या दुपारी पुढचं पाणी नऊ मैलांवर होतं. माझ्या बाटल्या संपलेल्या, त्यांच्याकडे जेमतेम अर्धा लिटर. त्यांनी ताटलीत टॉर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, ठेवला आणि घरी ताटाभोवती फिरवतात तसं चक्क पाणी फिरवलं. वाळूनं ते क्षणात पिऊन टाकलं.

मी भडकलो. "काका, वेस्ट काय करताय!"

त्यांनी उरलेली बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतः कोरडा टॉर्टिया चावत बसले. मी ती संपवली. रागवावं की लाजावं, कळेना.

दोन दिवसांनी आम्ही एका गावात मोटेलवर विश्रांतीला थांबलो. पिझ्झा येताच काका थेट तुटून पडले. मी नळ सोडून हात धूत होतो.

"आज पाणी नाही फिरवलंत?"

"इथे भरपूर आहे ना. असो."

मी नळ बंद केला. साबण हाताला तसाच होता.