माझ्या एकटीच्या नावावर
गळीत हंगाम सुरू झाला आणि माळेगावच्या साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा उग्र वास आला, की मला अशाच हंगामातली, बारामतीतल्या बँकेतली ती सकाळ आठवते. माझं कपड्यांचं दुकान बुडून बरीच वर्षं झाली होती. त्याचं कर्ज तडजोडीनं, थोडी रक्कम माफ करून घेऊन मिटवून मी शिलाईकामावर पुन्हा उभी राहिले होते आणि आता जळोचीत दोन खोल्या बांधायच्या होत्या. कर्ज बघणारे साहेब कॉम्प्युटरवरची नजर न हटवता म्हणाले, "जुन्या तडजोडीमुळं तुमचा सिबिल स्कोअर पडलाय. घर आणि कर्ज भावाच्या नावावर करा, लगेच मंजूर होईल." कारखान्यात कायम नोकरीला असलेला माझा भाऊ शेजारीच बसला होता. तो मायेनं म्हणाला, "करू की. तुझं-माझं काय येगळं हाय व्हय?" माझी कानशिलं तापली. "दुकान माझ्या नावावर बुडलं, तसं घर बी माझ्याच नावावर हुईल," म्हणत मी कागद उचलले आणि उठले. बाहेर आल्यावर भाऊ चिडला, "हट्टानं कुठं घर व्हतंय का?" पुढं एका छोट्या कर्ज कंपनीचा माणूस घरी येऊन माझं काम बघून गेला. त्यांनी कर्ज दिलं, पण कमी आणि चढ्या व्याजानं. एकच खोली झाली. पायाचा पहिला दगड मात्र भावानंच बसवला. सगळे हप्ते वेळेवर फिटले आणि परवा त्याच बँकेतून एका मुलीचा फोन आला, "मॅडम, तुमचा स्कोअर खूप छान झालाय, आम्ही कर्ज देऊ शकतो." शिलाई मशीन न थांबवता मी म्हटलं, "नको बाई, दुसरी खोली बी बांधून झाली माझी."