बाबांना वास येईनासा झाला

आम्ही बोईसरला दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. बाबा रंगाच्या कारखान्यात होते. आई जवळच्या मुरबे गावची, कोळ्याची लेक. तिच्या कालवणाचा वास बाबांना जिन्यातच लागायचा. चपला काढता काढता ते कुठला मासा शिजतोय ते ओळखायचे आणि आई पाठमोरी हसायची.

मी कॉलेजात जाऊ लागले त्या सुमारास हे बंद झालं. बाबा गप्प येत, गप्प जेवत. कसं झालंय विचारलं, तर "बरं झालंय" एवढंच. आईला वाटलं, आपला हात बिघडला. तिने चिंच कमी करून पाहिली, लसूण वाढवला. शेवटी माहेरी जाऊन आजीने कुटलेला मसाला घेऊन आली. त्यावरही बाबा तेच म्हणाले. त्या दिवशी आई जेवली नाही.

एका रविवारी आम्ही तिघं पालघरला सिनेमाला गेलो. लहानशा गावात खानावळ चालवणाऱ्या बाईची गोष्ट होती. रुसून गेलेला तिचा मुलगा पुष्कळ वर्षांनी येतो आणि पहिल्याच घासाला आईचा हात ओळखतो. बायका डोळे पुसत होत्या, आईसुद्धा. बाबा मध्येच उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले.

ते वड्यांच्या गाडीपाशी उभे होते, तापल्या कढईवर तोंड नेऊन. गाडीवाला त्यांना मागे सरायला सांगत होता.

"तुला वास येतो?" त्यांनी मला विचारलं.

"येतो की."

"मला नाय येत. दोन वर्सं झाली. सगळं मातीसारखं लागतं." मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको."

डॉक्टरांना त्यांनी गुपचूप दाखवलं होतं. कारखान्यातल्या वाफांनी नाक गेलं, आता परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी महिनाभर गप्प राहिले. मग एका सकाळी आई आजीचा मसाला मोरीत ओतायला निघाली, तेव्हा मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिने बाबांना वाढलं आणि समोर बसली.

"ओल्या बोंबलाचं कालवण हाय," ती म्हणाली. "चिंच बेताची, मिरची जरा पुढं."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून जेवत राहिले. नोकरी सोडा, असं आई म्हणाली नाही. माझं कॉलेज चालू होतं.

काही महिने ती रोज असं सांगून वाढायची. पुढे सांगणं थांबलं. पाट्यावरचं वाटणही थांबलं, दुकानातली मसाल्याची पाकिटं घरात आली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कोनासाठी वाटू?"

जेवायला मीही बसत होते. पण ते मी तिला बोलून दाखवलं नाही.