रात्रीच्या पोळ्या

प्रतिमाने अकरा महिन्यांत एकवीस किलो वजन उतरवलं, तेव्हा बुलढाण्यातल्या ओळखीच्या बायका तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काय केलं वो?" ती सांगायची, "चालते अन् कमी खाते." खरं कारण बहुतेकींना ठाऊक होतं, पण ते उभ्या उभ्या बोलण्यासारखं नव्हतं.

तिचा नवरा रमाकांत कोर्टात कारकून. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. मुलगा श्रेयस पुण्यात नुकताच नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "मी देतो किडनी." प्रतिमाने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तिच्या तपासण्या जुळल्या, पण संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. एक्याण्णव किलो. "सत्तरपर्यंत या, मग बघू," ते म्हणाले. "नंतर एका किडनीवर तुम्हालाही सगळं आयुष्य काढायचंय."

प्रतिमाचा धंदा डब्यांचा. कॉलेजची पोरं, बदलीवर आलेले कर्मचारी असे बत्तीस डबे रोज. पोळ्या जनकाबाई लाटायची, भाजी-वरण प्रतिमाकडे. दिवसभर हात अन्नात, आणि तोंडात मात्र अर्धी भाकर, वाटीभर वरण, काकडी. भाजीचं मीठसुद्धा ती जनकाबाईला चाखायला लावायची. पहाटे राजूर घाटाच्या रस्त्याने चालून यायची. भूक लागली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. पुढच्या तपासणीच्या तारखेला लाल गोल केलेला असायचा, आणि त्या गोलाकडे बघितलं की हात आपोआप मागे यायचा.

ऑपरेशन नीट झालं. रमाकांतच्या तोंडावर रंग आला. तीन महिन्यांनी तो घरातल्या घरात फिरायला लागला, सहाव्या महिन्यात कोर्टात रुजू झाला. कॅलेंडरवर आता गोल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच सुमारास प्रतिमाला रात्री दीड वाजता जाग यायला लागली. डायलिसिसच्या दिवसांत त्या वेळी रमाकांतला आडवं झोपता यायचं नाही. तो उशा रचून बसायचा, आणि ती त्याचा श्वास ऐकत शेजारी बसायची. दोन वर्षांची ती सवय. आता तो घोरत पडलेला असायचा आणि ती छताकडे बघत असायची. करायला काही नाही आणि झोपही नाही.

एका रात्री ती पाणी प्यायला उठली. ओट्यावर पोळ्यांचा डबा होता. सकाळी कुस्करून फोडणी द्यायला म्हणून बारा पोळ्या ठेवलेल्या. तिने एक काढली, गुळाचा खडा ठेवून गुंडाळली आणि उभ्यानेच खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. पातेल्यात थंड पिठलं होतं, ते बोटांनी पुसून खाल्लं. दिवा तिने लावला नाही. पोट तटतटलं तरी हात थांबेना. शेवटी डबा बंद करून ती मोरीत तोंड धुऊन आली, तेव्हा अडीच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी तिने दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. दुपारी नुसता चहा. असं केलं की हिशेब जुळतो, असं तिला वाटलं. रात्री पुन्हा दीडला जाग आली आणि पाय सरळ स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, बारा पोळ्या व्हत्या ना वो काल?" जनकाबाईने एक दिवस डबा उघडून विचारलं. "पाचच हायेत."

"गाईला टाकल्या," प्रतिमा कांदा चिरत म्हणाली.

जनकाबाईने डबा बंद केला. त्यांच्या गल्लीत गाय सकाळी सात वाजता यायची आणि आत्ता साडेपाच झाले होते.

महिनाभरात काटा बहात्तरवर गेला, मग चौऱ्याहत्तरवर. तपासणीला डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा घेतला. "ताई, आता सांभाळा. तुमच्याकडे एकच आहे," एवढंच ते म्हणाले. येताना बसमध्ये रमाकांत खिडकीशी बसून डुलक्या घेत होता आणि प्रतिमा त्याच्या हातातली गोळ्यांची पिशवी धरून बसली होती. वजन उतरवणं एवढं जड गेलं नव्हतं, तिला वाटलं. त्याला एक तारीख होती. हे सांभाळण्याला कुठली तारीख आहे? साठीला संपेल? सत्तरीला? विचार करूनच ती थकली.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप आणलं. चावी जनकाबाईच्या हातात दिली. "रात्रीचं आवरलं की कुलूप लावून ही तुम्ही घरी घेऊन जात जा. मी मागितली तरी देऊ नका."

जनकाबाईने चावी कमरेला खोचली. "देत नाई," ती म्हणाली.

रमाकांतला प्रतिमाने मांजराचं निमित्त सांगितलं. पाण्याचा माठ बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. तीन रात्री बऱ्या गेल्या. चौथ्या दिवशी तिने दुकानातून शेंगदाण्याचे लाडू आणले आणि साड्यांच्या कपाटात खालच्या खणात ठेवले. ठेवताना स्वतःशीच म्हणाली, असू देत, लागतील. तिची तिलाच लाज वाटली, पण लाडू तिने परत केले नाहीत.

आठवडाभराने ती रात्र आली. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी रमाकांतची साखर वाढली होती आणि त्याला इन्सुलिन सुरू झालं होतं. त्या रात्री सुई घेऊन तो नीट जेवला नव्हता. दीडला प्रतिमाला जाग आली तर शेजारची चादर ओली. तो घामाने भिजला होता, हात थरथरत होते. "प्रतिमा, मले कसंतरी होऊन राह्यलं," तो म्हणाला आणि पुढचं त्याला धड बोलता येईना.

साखर उतरली होती. ताबडतोब गोड द्यायचं, हे दवाखान्यात तिला दोनदा सांगितलं होतं. ती पळत गेली आणि दाराशी थबकली. साखर आत, गूळ आत, दूध आत. चावी जनकाबाईच्या घरी, मैलभर लांब. तिने कुलूप दोन्ही हातांनी ओढलं. मग एकदम वळली, कपाट उघडलं, साड्या खाली लोटल्या आणि लाडवांची पिशवी काढली. एक फोडून त्याच्या तोंडात घातला. "चावा, हळूहळू चावा." दुसराही त्याने खाल्ला. पंधरा मिनिटांनी घाम थांबला. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा वर आला. मग ती जमिनीवर पडलेल्या साड्यांतच बसली.

रमाकांतने लाडवांच्या पिशवीकडे बोट केलं.

"हे कपाटात काऊन?" त्याने विचारलं. "अन् तिकडं कुलूप मांजरासाठीच हाय ना?"

तिने सगळं सांगितलं. पोळ्या, गूळ, गाय, चावी. रडली नाही, सांगण्यातच ती थकून गेली.

"डब्याचं झाकण वाजे ते मले झोपेत ऐकू ये," तो म्हणाला. "मले वाटे, तू सकाळची तयारी करून राह्यली. एकदा उठून पाहा लागत व्हतं मले."

"पाहिलं असतं तर मी मेले असते लाजेनं."

"डायलिसिसच्या वेळी मी चोरून पाणी प्यायचो," रमाकांत म्हणाला. "दिवसाले एवढंच पाणी, असं डॉक्टरनं सांगतलं व्हतं ना. मी मोरीत जाऊन नळाले तोंड लावायचो. तुले कधी बोललो नाई."

सकाळी जनकाबाई आली तशी प्रतिमाने कुलूप काढून टाकलं. मग संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ राखी मॅडमना फोन केला. रात्री किती खाल्लं, हे त्या विचारतील म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "काल दुपारी काय जेवलात?"

"चहा घेतला."

"आणि सकाळी?"

"काही नाही," प्रतिमा म्हणाली.

"दिवसभर उपाशी ठेवाल तर शरीर रात्री वसूल करणारच," राखी मॅडम म्हणाल्या. "सकाळी खा. दुपारी ताट वाढून, बसून जेवा. रात्री आठला पोटभर जेवा. तरी जाग आली आणि भूक असली, तर दिवा लावा, खुर्चीवर बसा, वाटीभर दही खा. अंधारात उभ्याने नाही. आणि रात्री जास्त खाल्लं गेलंच, तरी सकाळचा नाश्ता सोडायचा नाही."

ऐकायला सोपं होतं. बाराला डबे निघायचे आणि त्याआधी ताटावर बसणं म्हणजे बत्तीस जणांना थांबवणं. शेवटी जनकाबाईने साडेबाराला दोन ताटं वाढायला सुरुवात केली. "मी एकटी नाई जेवत," असं म्हणून ती पाटावर बसून राहायची. प्रतिमाला त्या वेळी भूक नसायची, कंटाळा असायचा. तरी ती एक भाकर, भाजी, वरण संपवायची.

जाग दीडलाच यायची. पहिले काही दिवस रमाकांतही उठून शेजारी बसला, पण त्याला झोप हवी असते, म्हणून तिने त्याला नको म्हटलं. आता ती बल्ब लावते, दही खाते, कधी मेथी निवडत बसते. काही रात्री दह्यावर निभतं. काही रात्री नाही. काटा त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तरच्या मध्ये आहे. सत्तर पुन्हा दिसेल की नाही, तिला सांगता येत नाही.

मागच्या गुरुवारी, अकरा रात्री नीट गेल्यावर, तिने चार पोळ्या आणि वाटीभर शेव खाल्ली. दिवा लावून, बसून, पण खाल्लीच. सकाळी पोटाला दगड बांधल्यासारखं वाटत होतं. आज काही नको, हे ओठांवर आलं होतं. तिने पोहे भिजवले, कांदा चिरला. जनकाबाईने बशी पुढे सरकवली. प्रतिमाने पहिला घास घेतला, तो मेहनतीने चावून गिळला, मग दुसरा घेतला. बशी संपायला वीस मिनिटं लागली. जनकाबाई कणकेचा गोळा मळत बाजूला बसली होती.

बशी धुऊन प्रतिमाने वांगी पुढे ओढली. त्या दिवशी बत्तिसावर आणखी दोन डबे वाढले होते.