अण्णांच्या अंत्ययात्रेत आमची घोडी नाचली

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात अण्णांची अंत्ययात्रा निघाली आणि तिच्यासमोर आमची घोडी नाचली. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीतच आहे... बाकीच्यांना आज सांगतो.

आमचं गाव चौसाळ्याच्या जवळच. चौसाळ्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. वडिलांना, म्हणजे दादांना, घोड्यांचा भारी नाद. दुष्काळात लग्नं घरच्या घरी उरकायला लागली, तेव्हा वरातीला घोडी देणाऱ्या एकाने आपली घोडी विकायला काढली आणि दादा ती घेऊन आले. तिचं नाव काजल.

हलगी वाजली की काजल नाचायची. पाय आळीपाळीने उचलायची, मान डोलवायची... आम्हाला केवढं कौतुक! पाहुणे आले की मी मोबाईलवर हलगी लावायचो. सगळे टाळ्या वाजवायचे, मी व्हिडिओ स्टेटसला टाकायचो.

पुढच्या वर्षीही पाऊस आला नाही. कडबा बघायला मिळेना. गावच्या दूध सोसायटीने छावणी उघडली, पण तिथे फक्त गाई, म्हशी आणि बैल घेत होते. घोडी नियमात बसत नव्हती.

सोसायटीचे चेअरमन अण्णा. दादांनी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. तेच एका सकाळी दारात येऊन म्हणाले, "तिला काय पोट न्हाई का? माझ्या म्हशींजवळ आणून बांध." अण्णांच्या म्हशींच्या वाट्याचं खाऊन काजलने तो उन्हाळा काढला.

छावणी उठायच्या आधीच अण्णा गेले. झोपेतच...

पिकल्या वयाचं माणूस गेलं की आमच्याकडे वाजतगाजत नेतात. मी तेव्हा टँकरवर काजलला पाणी पाजून परत येत होतो. समोरून यात्रा आली म्हणून कडेला झालो. चप्पल काढली, हात जोडले. हलगी जवळ आली आणि काजल नाचायला लागली... अगदी ठेक्यात.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढे मडकं धरून चाललेल्या अण्णांच्या मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं.

मला काही सुचेना. हातातल्या कासऱ्यानेच तिला हाणायला लागलो. खरं सांगतो, त्यातले निम्मे फटके तिला थांबवायला नव्हते... मला लाज वाटतेय, हे लोकांना दिसावं म्हणून होते. आणि मी मारत गेलो तशी ती जास्तच नाचत गेली.

"मारतो कावून बे? बाजूला घे की तिला!" खांदेकऱ्यांतला एक जण ओरडला. हलगीवाल्यांनी हात थांबवले. फक्त काजलच्या टापा वाजत राहिल्या.

त्यानंतर सगळा गाव अण्णांच्या बायकोला, आमच्या काकूंना, भेटून आला. मी गेलो नाही. दुकानाला जातानाही त्यांची गल्ली टाळून मागच्या रस्त्याने जायचो.

घोडी विका, असं जो तो सांगत होता. दादा ऐकेनात. मग मी मोबाईलवर ट्रेनर शोधायला बसलो. एक जण म्हणाला, "नाच थांबवता कशाला? अजून दोन-चार प्रकार शिकवतो की." दुसरा म्हणाला, "उपाशी ठेवा, आपोआप सरळ होते." दुष्काळात हे...

शेवटी संभाजीनगरकडच्या एका रायडिंग स्कूलमधल्या वैशाली मॅडम सापडल्या. रीतसर कोर्स केलेल्या, बोलायला जरा कडक. यायच्या आधी त्यांनी काजलच्या खुरांचे आणि दातांचे फोटो मागवून घेतले. एका रविवारी त्या आल्या.

मी हलगी लावायला मोबाईल काढला. त्या म्हणाल्या, "थांबा." त्यांनी जमिनीवरचा कासरा उचलला आणि नुसता उगारून काजलसमोर उभ्या राहिल्या. कसलाच आवाज नव्हता. तरी काजल नाचायला लागली.

मॅडमनी कासरा लगेच खाली टाकला. "हिला हलगी वाजवत मारून मारून शिकवलंय. मार चुकवायचा तर पाय उचलायचे, एवढंच तिला कळतं. ती नाचत नाहीये, घाबरलीये."

"आपण टाळ्या वाजवत होतो रे..." दादा म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. काजलची आणि माझीही. अंगावर हात टाकायच्या आधी आवाज द्यायचा, दावं ओढायचं नाही. अण्णांच्या अंत्ययात्रेत हलगी वाजवणारे गोविंदमामा रोज शेताच्या टोकाला उभे राहून हळू हलगी वाजवायचे आणि मी इकडे काजलला चारा घालायचो. तिने कान मागे टाकले की थांबायचं. असं करत करत मामा बांधापर्यंत आले, मग गोठ्यापर्यंत...

आता काजल हलगीला उभी राहते. खांद्यावरची कातडी अजून थरथरते. मॅडम म्हणाल्या, तेवढं राहील.

परवा मी काकूंकडे गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी मान खाली घालून म्हणालो, "काकू, त्या दिवशी आमची घोडी..."

"घोडी नाचली त्याचं काय न्हाई रं. मुकं जनावर हाय ते," काकू म्हणाल्या. "पर तू तिला लई मारलंस म्हणं. आमचा पोरगा घरी येऊन रडला. म्हणला, आई, जमलं असतं तर अण्णांनी तिरडीवरनं उठून त्याच्या हातातला कासरा काढून घेतला असता."

काकू उठल्या, चहा टाकला, माझ्यासमोर ठेवला. तो चहा मी कसा प्यायलो, माझं मला माहीत...

अण्णा, चुकलो. काजलला मी सगळ्या गावादेखत मारलं होतं. म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतोय.