चंपा परत आली का?

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एका मराठी कादंबरीतली मोलकरीण गेली चाळीस वर्षं बेपत्ता आहे, आणि तिची चौकशी करणारी एकुलती एक बाई गेल्या महिन्यात वारली. जोहे गावच्या अनुसयामावशी. गणपतीचे डोळे रंगवायच्या.

आमचं घर रोह्याचं, पुस्तकांनी भरलेलं. एका कादंबरीला वाळवी लागली, तेव्हा वडिलांनी नवी प्रत आणली आणि जुनी रद्दीतून मावशींच्या कारखान्यात गेली. तिथे कागद भिजवून लगद्याच्या मूर्ती होत. मावशी चौथी शिकलेल्या. भिजवण्याआधी पानं वाचायच्या. अर्धी कादंबरी वाचून झाली आणि उरलेली त्यांच्या दिरानं पिंपात बुडवली... कादंबरीत वकिलाचं मोठं घर, बाईंची सतार, आणि चंपा नावाची मोलकरीण. तिन्हीसांजेला ती मागच्या दारानं सरपण आणायला जाते. मावशींच्या हाती लागलेलं शेवटचं पान तेच.

दरवर्षी मूर्ती आणायला गेलो की बिनडोळ्यांच्या गणपतींच्या रांगांमधून आवाज यायचा, "भाऊ, चंपा आली का परत?"

"आली की. पायाला विंचू चावला होता, पण आली."

मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. तिच्यात मोलकरीण आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. एका वर्षी ब्रशावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, "मागल्या साली विंचू, आवंदा साप. भाऊ, तुला ठाव नाय."

"पुढच्या वेळी पुस्तकच आणतो," मी म्हणालो. आणलं नाही. काचेच्या कपाटातली प्रत रंगाच्या हातात कशी द्यायची... हेच कारण होतं, दुसरं नाही.

मावशींच्या बाराव्यानंतर मात्र घेऊन गेलो. त्यांच्या जागी त्यांची सून सुशीला डोळे रंगवत बसली होती. मी तिच्यासमोर उरलेली कादंबरी वाचली. ऊन कलेपर्यंत वाचत होतो. चंपा आली नाही. तिला कोणी हाकही मारली नाही. चूल पेटली, जेवणं झाली, सतार वाजली. शेवटच्या पानावर बाईंनी मागच्या दाराला कडी घातली, दिवा मालवला, आणि घर झोपलं.

मी पुस्तक मिटलं. सुशीलाचा ब्रश थांबला होता. समोरच्या मूर्तीला एकच डोळा झाला होता. कारखान्याच्या मागच्या दाराकडे बघत ती म्हणाली,

"ओ भाऊ, पण ती अजून भायेरच हाय ना."