मनगटावरचा हात

मी अकरा वर्षांची असताना, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, पाहुण्यांसमोर माझा हात धरून चुकीच्या उत्तरावर ठेवला गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाळा अपंग मुलांची, औरंगाबादला. माझे हात थरथरतात. बोलणं तेव्हा घरच्यांनाच कळायचं. बाई गणित गोष्टीसारखं सांगत. आम्ही ताटात बाटल्यांची झाकणं सरकवायचो आणि शेवटी आकड्याच्या कार्डावर हात ठेवायचो. पाहुणे आले की बाई मनगट धरून हात बरोबर कार्डावर नेत. सगळ्यांचाच. त्याला मदत म्हणत.

आठवडाभर एकच गणित घोटून घेतलं होतं. रिक्षात नऊ मुलं, दोन उतरली, राहिली किती? त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "दोन नको, तीन उतरू द्या."

बाईंनी माझा हात सवयीनं सातवर नेला.

टाळ्या संपायच्या आत मी हात ओढून घेतला. झाकणं खाली सांडली. हात सहावर ठेवला.

अध्यक्ष म्हणाले, "बिचारीचे हात उडतेत. चांगलं सांगितलं होतं, परत बिघडवलं."

आम्हाला उचलून ने-आण करणाऱ्या शमीम मावशी दाराशी उभ्या होत्या. "साब, बच्ची सही रखी. सात नई, छेच होते."

"तुम्ही चहाचं बघा."

फोटोसाठी बाईंनी पुन्हा मनगट धरलं. कार्ड तेच, सात. मी मूठ आवळली. त्या कानाशी म्हणाल्या, "सोड गं माय, माझी नोकरी जाईल." त्यांनी माझं एकेक बोट उघडलं. मी परत मिटलं. पाहुण्यांना उशीर होत होता. फोटो दुसऱ्या मुलीचा काढला.

सोमवारी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं लिहिलं: गणिताची समज नाही. पुढची दोन वर्षं मी मेणबत्त्यांच्या वर्गात वाती सरळ करत बसले. गणित आई घरी वाचून दाखवायची. ती सातवी शिकलेली. तिचं शिक्षण संपलं तिथून पुढं आम्ही दोघी चुकत चुकत गेलो.

आता मी बजाजनगरात अशाच मुलांना गणित शिकवते. सावकाश बोलते. गणित सांगून झालं की स्वतःचे हात मांडीवर ठेवते. मूल थांबलं तर मीही थांबते. तास संपला तरी.

मागच्या तपासणीआधी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांची उत्तरं बरोबर दाखवा की. लेकरांना काय फरक पडतोय?"

मी नाही म्हणाले.

वर्गात दहा मुलं होती. पाच उत्तरं बरोबर आली. तीन चुकली. दोघांनी कार्डाला हात लावला नाही. मी तपासणीचा तक्ता तसाच भरला आणि खाली सही केली.