पहिल्या हाकेला ओ

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सोळाव्या वर्षी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागे. देवाशी तुझं स्वतःचं नातं कसं जुळलं ते सांगायचं. बापाचा विश्वास लेकीला वारशाने मिळत नाही, हे माझे वडीलच शिकवायचे, आणि ते मंडळीचे पाळक होते. इतरांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असे. कुणाची दारू सुटलेली, कुणी मरणाच्या दारातून परतलेलं. माझ्याकडे होती पनवेलची शाळा, क्लास आणि गणिताची धास्ती. देव माझ्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता आणि त्याचा मला रागच होता.

म्हणून मी साक्ष रचली. भर दुपारी घरात एकटी असताना कुणीतरी मला नावाने हाक मारली, असं सांगितलं. मी पहिल्याच हाकेला ओ दिली आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो. वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिथेच सगळं फसलं. त्यांचे डोळे कोरडे राहिले असते तर त्याच दिवशी घरी जाऊन मी खरं सांगून टाकलं असतं.

पुढे तीस वर्षं, जिथे बोलावतील तिथे मी ती साक्ष दिली. सजवलीही. पंखा आपोआप थांबला, बाहेरचे कावळे गप्प झाले, असं काय काय. वडील गेल्यावर गुरुवारची प्रार्थनासभा नवीन पनवेलला माझ्याच घरी भरू लागली. लांबलचक प्रार्थना करण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. पण दुपारी घर रिकामं झालं की मला धडधड व्हायची. हाक आली तर काय, ही एक भीती. आणि आयुष्यभर आलीच नाही तर काय, ही त्याहून मोठी.

आमच्याकडे मासळी आणणारी मावशी उलव्याकडची. तिचं गाव विमानतळात गेलं होतं. एका गुरुवारी तिने पाटी दाराबाहेर ठेवली आणि उंबऱ्याशी येऊन बसली. मग दर गुरुवारी बसू लागली. एकदोघींनी वासावरून नाकं मुरडली, तेव्हा येशूचे पहिले शिष्य मासेमारीच करायचे याची मी त्यांना आठवण करून दिली. असल्या वेळी माझं तोंड चांगलं चालतं. मावशी गाणी म्हणायची नाही, प्रार्थना करायची नाही. माझी साक्ष निघाली की मात्र पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहायची. तिने आपल्याला पकडलंय असं मला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या वर्षी तिचं येणं थांबलं. चौकशी केली तर ती आजारी असल्याचं कळलं, म्हणून उलव्याला तिच्या मुलाच्या नव्या घरी गेले. खिडकीशी खाट, त्यावर ती, अगदी काटकुळी झालेली. सून चहा ठेवायला आत गेली तशी तिने माझं मनगट धरलं.

"बाय, तू पयल्याच हाकेला ओ दिलीस. तुला भ्याव नाय वाटला?"

मी उत्तर देण्याआधीच ती सांगू लागली. नवरा गेला त्या वर्षीची गोष्ट. भर दुपारी ती खाडीच्या चिखलात एकटीच खुबे-शिंपल्या वेचत होती. मागून कुणीतरी तिला माहेरच्या नावाने हाक मारली. त्या नावाने फक्त तिची आई हाक मारायची, आणि आई जाऊन कैक वर्षं झाली होती. त्यांच्या गावात रीत अशी की भलत्या वेळी बाहेरून हाक आली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. ती गुडघाभर चिखलात श्वास धरून उभी राहिली. दुसरी हाक आली नाही. आपण भुताच्या तावडीतून सुटलो, असंच ती वर्षानुवर्षं समजत होती. मग माझ्या उंबऱ्याशी बसून तिने माझी साक्ष ऐकली.

"भूत इतक्या मायेनं हाक नाय मारत," ती म्हणाली. "त्यो एकदाच मारतो का गो? परत नाय मारत?"

घरावरून विमान गेलं. बायबलमधली वचनं माझ्या जिभेवर तयार होती, तीस वर्षांची सवय. पण ती मरणाच्या दारात होती आणि माझ्या खोट्यावर विसंबून स्वतःला दोष देत होती. मला स्वतःची किळस आली.

मी म्हटलं, "मावशी, मला हाक आलीच नव्हती. मी खोटं सांगितलं. आजपर्यंत नाही आली."

ती मनगट सोडेल असं वाटलं होतं. तिने सोडलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, तिला माझी कीव आली होती.

"तुला हाक नाय, तरी तू इतकी वरसं ओ देत रायलीस," ती म्हणाली. "आन मना आली, तं मी गप."

मग तिने खिडकीकडे तोंड केलं. तिकडे पूर्वी खाडी होती, आता भराव आहे. गल्लीत मासळी विकताना आरोळी द्यायची तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "ओ."

सून धावत आली, काय हवंय विचारू लागली. तुला नाय, असं म्हणून तिने सुनेला परत पाठवलं. आम्ही दोघी कान देऊन बसलो. चहा निवला.

त्याच आठवड्यात ती गेली. तिला उत्तर मिळालं की नाही, मला ठाऊक नाही, आणि या वेळी मी काही रचणार नाही. पुढच्या गुरुवारी सभेत मी सगळं खरं सांगितलं. निम्म्या जणी आता येत नाहीत.

दुपारी घर रिकामं झालं की मी पंखा बंद करून बसते. कुणी हाक मारत नाही, तरी ओ म्हणते. थोडं थांबून पुन्हा म्हणते, मग पुन्हा. तिच्या गावच्या रीतीने तीनदा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की हे भूत नाही, माणूसच आहे.